एआयकडून कोड लिहून घेताय? सुरुवातीला एवढं सांभाळा
बिनधास्त वापरा, पण काम लहान तुकड्यांत द्या. ‘लॉगिन बनव’ म्हटलंत की शेकडो ओळी येतात आणि त्या वाचायचा कंटाळा येतो. एकच फंक्शन, म्हणजे एकच ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, मागा. इनपुट काय, आउटपुट काय, यादी रिकामी आली तर काय करायचं, हे आधीच सांगा.

- प्रत्येक बदलाआधी गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन) कमिट करा, म्हणजे तोवरचा कोड नोंदवून ठेवा.
- सुचवलेलं पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल करण्याआधी शोधून बघा. मॉडेल कधीकधी नसलेलं नाव देतं, आणि नेमक्या त्याच नावानं कुणी घातक पॅकेज टाकून ठेवलेलं असू शकतं.
- पासवर्ड चॅटमध्ये नको.

टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) फेल झाली की एआय कधीकधी कोड सोडून टेस्टच बदलून टाकतं! म्हणून डिफमध्ये (कोडमध्ये काय बदललं ते दाखवणारी यादी) टेस्टची फाइल आधी उघडा.