स्टिक सोडली तरी न थांबणारा ड्रोन आधी

प्रश्न: मुलीची बारावी झाली. तिला ड्रोनवरून चित्रीकरण आणि बांधकामांची पाहणी हे काम करायचं आहे. जीपीएस आणि अडथळे ओळखणारे सेन्सर असलेला ड्रोन घ्यायचं ठरवलंय. तो तर आपोआप स्थिर राहतो, मग आधी साध्या ड्रोनवर वेळ का घालवायचा? – एक पालक

उत्तर: मोठा ड्रोन जरूर घ्या, पण दोन-तीन महिन्यांनी. जीपीएसवरच्या ड्रोनची स्टिक, म्हणजे रिमोटवरची अंगठ्यानं हलवायची दांडी, सोडली की तो जागीच थांबतो आणि हाताला तीच सवय लागते. पुलाखाली उपग्रहांचे सिग्नल तुटले किंवा लोखंडी सांगाड्याजवळ होकायंत्र भरकटलं, की अनेक ड्रोन फक्त उंची आणि समतोल सांभाळतात. जागा धरून राहत नाहीत, वाऱ्याबरोबर वाहत जातात. खालच्या बाजूचे कॅमेरे मदतीला असतात खरे, पण पाण्यावर आणि अंधुक उजेडात त्यांचा भरवसा नाही. तेव्हा स्टिक सोडून भागत नाही, उलट दिशेला देऊन ड्रोन थोपवावा लागतो. पाहणीचं काम नेमकं अशाच जागी निघतं.

सरावासाठी तळहाताएवढा, पंख्यांभोवती कडी असलेला ड्रोन पुरे. घेताना एक बघा: थ्रॉटलची, म्हणजे ड्रोन वर-खाली नेणारी स्टिक सोडल्यावर मध्यावर परत येत असेल, तर उंची बहुधा यंत्रच सांभाळतं. ती सोय बंद करता येत नसेल तर तो ड्रोन या कामाचा नाही. सोबत रिमोट संगणकाला जोडून सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर ड्रोन उडवण्याचा सराव देणारा प्रोग्रॅम वापरावा, तिथे आपटण्याचा खर्च नाही.

पहिला धडा म्हणजे ड्रोनची शेपूट, म्हणजे मागची बाजू, आपल्याकडे ठेवून, डोक्याच्या उंचीवर, बॅटरी संपेपर्यंत एका जागी तरंगवत ठेवणं. मग डावी बाजू, उजवी बाजू आणि शेवटी नाक, म्हणजे पुढची बाजू, आपल्याकडे. बहुतेकजण इथेच अडतात, कारण डावं-उजवं उलटं होतं. उपाय सोपा आहे: समोर तोंड केलेला ड्रोन ज्या बाजूला सरकतोय, त्याच बाजूला स्टिक द्यायची, तो थांबतो. हे विचार न करता जमेपर्यंत पुढे जाऊ नये. नंतर चौकोन, वर्तुळ आणि इंग्रजी आठचा आकडा, तोही नाक सतत पुढच्या दिशेला ठेवून. आठमध्ये दोन्ही अंगठे एकत्र चालतात, आणि एखाद्या वस्तूभोवती फिरत सलग चित्रीकरण करायला हेच कौशल्य लागतं. सरळ खाली वेगानं उतरवू नये. ड्रोन स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत सापडतो आणि धपकन खाली येतो. थोडं पुढे सरकत उतरवावं.

अडथळ्यांच्या सेन्सरवर विसंबू नका. बारीक तारा आणि निष्पर्ण फांद्या त्यांच्या नजरेतून सुटतात, आणि स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे जास्त वेगानं उडवायच्या सेटिंगमध्ये, ते बहुतेक ड्रोनवर बंदच असतात. मोठा ड्रोन आल्यावर प्रत्येक नव्या जागी उड्डाणाआधी ‘घरी परत’ची (बटण दाबलं की ड्रोन आपोआप उड्डाणाच्या जागी परत येतो, त्या सोयीची) उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडा-इमारतीपेक्षा जास्त आहे ना, हे तिनं तपासावं. मात्र छताखाली किंवा पुलाखाली ते बटण दाबू नये, कारण ड्रोन आधी वर चढतो.