सह्याद्रीत फिरताना फोटोंमधून पृथ्वीचा इतिहास कसा टिपायचा? आपल्या लाव्हाच्या दगडात जीवाश्म सापडतात का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, भूशास्त्र शिकलेला नाहीत, साधा कॅमेरा आणि फोन आहे, महिन्यातून एखादा ट्रेक होतो आणि आता नुसत्या देखाव्यांच्या फोटोंनी समाधान होत नाही. डोंगर कसे घडले, तिथे कधीकाळी काय जगत होतं, हे फोटोंतून शोधायचंय. सोबत एक शंकाही जोडलीय: सह्याद्री तर सगळा लाव्हाचा, मग त्यात जीवाश्म कुठून असणार?

शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच उलगडतं. आपल्याकडचे जुने जीव लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांदीत सापडतात. ती सांद ओळखता आली की डोंगर बघायची सवयच बदलते. मी सात-आठ वर्षं सुळके, धबधबे आणि सूर्यास्त टिपत होते आणि ज्या रेघेत सगळी गोष्ट आहे ती रेघ माझ्या प्रत्येक फोटोत असूनही मला कधी दिसली नव्हती.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर आला. आज उरलेला त्याचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो आणि पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी २ किलोमीटरच्या आसपास जाते. हे सगळं एका दमात झालं नाही. एक प्रवाह यायचा, पसरायचा, थिजायचा आणि मग मोठा काळ सगळं शांत. त्या शांततेत थिजलेल्या दगडाचा माथा झिजून माती व्हायची. अडलेल्या ओढ्यांची तळी व्हायची, काठाला झाडं यायची, पाण्यात गोगलगायी आणि बेडूक नांदायचे. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि ते सगळं झाकून टाकायचा. असं कितीतरी वेळा झालं. आपल्या डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. या दगडांना ‘ट्रॅप’ म्हणतात तेही पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून.

आता हे डोळ्यांनी कसं बघायचं ते सांगते. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात गाडी सुरक्षित जागी लावा आणि रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे खालून वर बघत जा. आधी घट्ट, काळाभोर, फारशी छिद्रं नसलेला कातळ लागतो. हा प्रवाहाचा मधला भाग. तो सावकाश थिजला म्हणून घट्ट राहिला. वर जाल तसा दगड सच्छिद्र होत जातो, कारण लाव्हातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढत होता आणि तिथेच अडकला. पुढे कधीतरी त्या पोकळ्यांतून कोमट पाणी झिरपलं आणि त्यात पांढरे, कधी गुलाबी, कधी हिरवट स्फटिक धरले. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत ते हेच. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट तर बघतच राहावं असं आहे. असा छिद्राछिद्राचा दगड संपला की वीतभर ते हात-दोन हात जाडीचा, गेरूसारखा लाल पट्टा येतो, आणि त्याच्यावर पुन्हा काळा घट्ट कातळ.

तो लाल पट्टा म्हणजे दोन प्रवाहांमधला वेळ. खालच्या प्रवाहाचा झिजलेला माथा, काही ठिकाणी त्यात मिसळलेली ज्वालामुखीची राख, आणि ते सगळं वरून आलेल्या तापलेल्या लाव्हाने भाजून काढलेलं. विटेचा लाल रंग जसा लोहामुळे येतो तसाच याचाही. मी पहिल्यांदा त्याच्यावर बोट टेकवलं तेव्हा बोटाला लाल भुकटी लागली. वरचा कातळ नखाने ओरखडाही उठू देत नव्हता आणि हा थर मात्र नुसत्या स्पर्शाने सुटत होता. एके काळची जमीन ती. तिच्यावर पाऊस पडला होता.

घट्ट भाग सरळ तुटतो म्हणून त्याचा कडा होतो. सच्छिद्र भाग आणि लाल थर लवकर झिजतो म्हणून तिथे उतार, गवत, झाडोरा. कुठल्याही किल्ल्यावरून समोरच्या डोंगरावर झाडीच्या आडव्या रेघा दिसल्या की समजा, तिथे एक प्रवाह संपून दुसरा सुरू झाला असणार.

फोटोचं आता. सगळ्यात मोठा बदल मी केला तो म्हणजे आभाळ कमी केलं. पायऱ्या टिपायच्या तर चौकटीत डोंगराचं अंग भरून येऊ द्या, झूम असेल तर दूरवरून वापरा, म्हणजे थर एकावर एक नीट बसलेले दिसतात. कोकणाकडे तोंड असलेले कडे सकाळी सावलीत असतात. हिवाळ्यात दुपारी चारनंतरचं तिरपं ऊन त्यांच्यावर आलं की प्रत्येक पायरीची सावली खालच्या पायरीवर पडते आणि सपाट वाटणारी भिंत उठून येते. लाल थराला मात्र ऊन मानवत नाही, रंग फिका पडतो. तो ढगाळ दिवशी, शक्यतो जरा ओला असताना टिपा. गवत वाळलेलं असतं ते फेब्रुवारी-मार्चचे दिवस थर बघायला सगळ्यात चांगले. पावसाळ्यात दरडीखाली अजिबात उभं राहू नका, फोटो कितीही चांगला मिळत असला तरी.

प्रत्येक जागेचे मी तीन फोटो घेते. एक लांबून, जागा कुठे आहे ते कळावं म्हणून. दुसरा माणूसभर उंचीचा, थरांचा क्रम दिसेल असा. तिसरा अगदी जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा सहा इंची पट्टी ठेवून. नाणं विसरू नका. मापाशिवाय काढलेला दगडाचा फोटो महिन्याभराने स्वतःलाच कळत नाही, तो बोटाएवढा होता की बैलाएवढा. आणि घरी आल्यावर लगेच तारीख, गाव, उताराची दिशा लिहून ठेवा.

आता जीवांकडे. घाटातल्या लाल थरांत जीवाश्म मिळतील अशी आशा धरू नका. तळी जिथे टिकून राहिली ते थर जास्त करून लाव्हाच्या पसाऱ्याच्या कडेला, म्हणजे विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशात आहेत. नागपूरहून सौंसरच्या बाजूला मोहगाव कलान नावाचं गाव आहे. जिल्हा मध्य प्रदेशातला, पण शेतात बोलणं मराठीच ऐकू येतं. बिरबल साहनी आणि त्यांच्या काळातल्या वनस्पती-अभ्यासकांनी या गावाचं नाव जगाला माहीत करून दिलं. मी तिथे गेले तेव्हा एका शेतकऱ्याला विचारलं, इकडे दगडात झाडं सापडतात म्हणतात ती कुठे? ते म्हणाले, “असे दगड तं आमच्या धुऱ्यावर लय पडले आहेत ताई, वखराले लागते म्हणून उचलून ठेवतो.” आणि त्यांनी धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एक गार (गारगोटीसारखा कठीण दगड) उचलून हातात दिली.

पांढुरकी, कडेला तपकिरी, हाताच्या तळव्याएवढी गार. आधी काहीच दिसलं नाही. मग मी बाटलीतलं थोडं पाणी तिच्यावर ओतलं आणि एका बाजूला तांदळाच्या दाण्यांएवढे बारीक ठिपके उमटले, एकसारख्या अंतरावर, जणू कुणी टाचणीने टोचून काढलेत. ताडाच्या कुळातल्या झाडाचा आडवा छेद होता तो. नारळाचं खोड तोडल्यावर आत जे धाग्यांचे ठिपके दिसतात ना, हुबेहूब तेच. त्याच गारेच्या मागच्या बाजूला नखाएवढा एक शंख होता, त्याचे वेढेसुद्धा मोजता येत होते. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, त्यामुळे फोटो सपाट येत होता. मी ओढणीची सावली केली आणि मोबाईलची बॅटरी दगडाच्या पातळीला टेकवून आडवी धरली. उजेड बाजूने सरपटत आला तसा शंखाचा प्रत्येक वेढा वर आला. जीवाश्म टिपायची याहून चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही. आडवा उजेड आणि दोन थेंब पाणी.

हे जीव टिकले कसे, तर गारेमुळेच. लाव्हा आणि राख झिजताना त्यांच्यातली सिलिका, म्हणजे गार ज्याची बनते ते द्रव्य, तळ्याच्या पाण्यात उतरली, आणि ती खोडाच्या, फळांच्या, शंखांच्या कणाकणात भरून दगड झाली. म्हणून लाकडाच्या पेशीसुद्धा शाबूत राहिल्या. मोहगावात निपा नावाच्या ताडाचं फळही सापडलंय. निपा आज सुंदरबनासारख्या खाडीच्या चिखलात वाढतो. त्यावरून समुद्राचा एखादा फाटा तेव्हा मध्य भारतात आत शिरला असावा, असा तर्क साहनींनी मांडला होता. सौंसरच्या कापसा-संत्र्याच्या शिवारात उभं राहून खाडीची कल्पना करायची, हे मला आजही विलक्षण वाटतं.

या शंखांची नोंद फार जुनी आहे. स्टीफन हिस्लॉप हे नागपुरातले मिशनरी, ज्यांच्या नावाचं कॉलेज तिथे आहे, त्यांनी १८५०च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळीहून असे जीवाश्म गोळा केले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळचं पिसदुरा तर आणखी मोठं. तिथला थर लाव्हाच्या खालचा, म्हणजे लाव्हा तिथवर पोहोचण्याआधीचा. त्यात डायनासोरची हाडं मिळतात आणि शेणाचे दगड झालेले गोळेही. त्या गोळ्यांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं. डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतं, असं तोवर सगळे धरून चालत होते. २०११ साली तर त्याच गोळ्यांवरून भाताच्या कुळातलं गवतही तेव्हा असल्याचं मांडलं गेलं. ही उलथापालथ आपल्या वरोऱ्याच्या शिवारातून झाली, आणि आपल्या मुलांना डायनासोर म्हटलं की फक्त अमेरिका आठवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी दक्षिणेला, सिरोंच्याजवळ वडधमला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात याहून कितीतरी जुने, ज्युरासिक काळातले थर आहेत. त्याच खोऱ्यात तेलंगणाच्या बाजूला बारापासॉरस नावाचा डायनासोर मिळाला. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. नावाचा पुढचा भाग ‘टागोरी’, रवींद्रनाथांवरून. त्याचा सांगाडा कोलकात्यातल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

मुंबईत नातेवाईक असतील तर वरळीला गेल्यावर एक आठवण ठेवा. तिथल्या टेकडीच्या थरात दीड-दोन सेंटिमीटरचे बेडूक दगडात दबलेले सापडले होते. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ‘डायनासोर’ हा शब्द घडवणारे तेच हे ओवेन. आज तिथे इमारती आहेत, थर बघायला मिळणार नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे, लाव्हा थिजून झालेले दगडी खांब मात्र अजून उभे आहेत, ते टिपून घ्या.

तुम्हाला पुण्याहून एका दिवसात होईल असं म्हणजे कुकडीचं खोरं. निघोजचे रांजणखळगे तुम्ही पाहिले असतील. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी कातळात कोरलेले ते रांजण सकाळी साडेसात-आठला टिपा, तेव्हा अर्धी भिंत उजेडात आणि अर्धी काळोखात असते. त्याच नदीवर वर जुन्नर तालुक्यात बोरी आहे. तिथे नदीकाठच्या गाळात पांढरट राखेचा थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. हजारो किलोमीटर उडत आली आणि आपल्या कुकडीच्या काठी बसली.

एकच कळकळीची विनंती. दगड उचलू नका, हातोडी तर नेऊच नका. विदर्भातल्या एका गावाबाहेर मी फूटभर जाडीचं दगड झालेलं खोड पाहिलं होतं, साल ओळखू येईल इतकं सुंदर. दोन वर्षांनी मुलीला दाखवायला घेऊन गेले तर तिथे फक्त चिपा उरल्या होत्या. कुणीतरी फोडून नेलं होतं. माझ्याकडे त्याचे चार फोटो आहेत, नाणं शेजारी ठेवलेले, आणि आता तेवढंच उरलंय.

या रविवारी मोकळे असाल तर लांब जायची गरज नाही. कात्रजचा जुना घाट चढा, खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा आणि दरडीत लाल रेघ शोधा. सापडली की तिच्या खालचा आणि वरचा दगड एकाच चौकटीत येईल असा फोटो काढून इथे टाका. छिद्रं कुठल्या बाजूला जास्त आहेत ते तुम्ही आधी सांगा, मग आपण बोलू.