पॅक्सचा कोर्स लावण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी रेडिओग्राफीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मशीनवर ड्यूटी करण्यापेक्षा तिला ‘पॅक्स’मध्ये काम करायचं आहे. एका संस्थेचा ६० हजारांचा कोर्स आहे. भरावेत का पैसे? – एक पालक, सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. वाट चांगली आहे, पण क्रम उलटा होतोय.

पॅक्स म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा साठवून डॉक्टरांच्या पडद्यावर पोचवणारी यंत्रणा. ती सांभाळणाऱ्याला सर्व्हरइतकाच पेशंटच्या नावांचा घोळ निस्तरावा लागतो. रात्री अपघाताचा पेशंट येतो, नोंदणी झालेली नसते, म्हणून वर्कलिस्टवर (मशीनवर दिसणाऱ्या ठरलेल्या तपासण्यांच्या यादीत) नाव नसतं. टेक्निशियन हातानं काहीतरी टाइप करतो. सकाळी रीतसर आयडी मिळतो आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. पुढच्या वेळी तुलनेला जुना सीटी सापडत नाही. त्या दोन नोंदी जोडताना भलताच पेशंट जोडला गेला, तर रिपोर्टच चुकीच्या माणसाच्या नावावर. ज्यानं कन्सोलवर रात्रपाळी केलीय, त्याला हे चटकन उमगतं. म्हणून आधी एक-दोन वर्षं मशीनवरच काढू द्या.

दरम्यान घरी सराव फुकटात होतो. बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेला ‘ऑर्थँक’ हा मोफत सर्व्हर साध्या लॅपटॉपवर चालतो. तो मैत्रिणीच्या लॅपटॉपवरही टाकावा आणि एकीकडून दुसरीकडे प्रतिमा पाठवून पाहाव्यात. प्रत्येक यंत्राची ओळख तीन गोष्टींवर ठरते : आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), पोर्ट (त्या पत्त्यावरचा दार-क्रमांक) आणि एई टायटल (यंत्राला दिलेलं नाव, जास्तीत जास्त १६ अक्षरं). ऑर्थँकचा डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या देवाणघेवाणीची प्रमाण पद्धत) पोर्ट मुळात ४२४२ असतो. समोरच्या सर्व्हरवर आपल्या यंत्राची नोंद न करता त्याच्याकडे प्रतिमा मागून पाहा : पाठवलेलं पोचतं, मागितलेलं मिळत नाही. कारण ‘मूव्ह’मध्ये, म्हणजे प्रतिमा मागवण्याच्या डायकॉम आज्ञेत, सर्व्हर स्वतः नवी जोडणी करून प्रतिमा धाडतो, त्याला पत्ता आधीच ठाऊक हवा. हॉस्पिटलात ‘पिंग होतंय पण इमेज येत नाहीत’ (म्हणजे यंत्र नेटवर्कवर उत्तर देतंय, तरी प्रतिमा नाहीत) अशी तक्रार आली, की आधी हेच तपासायचं, मग फायरवॉल.

साठवणुकीचा हिशोबही तोंडपाठ हवा. सीटीचा एक स्लाइस (शरीराच्या एका कापाची प्रतिमा) ५१२ × ५१२ पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. ६०० स्लाइसची स्टडी (एका पेशंटची एक तपासणी) ३०० एमबी. रोज ३० स्टडी धरल्या तर दिवसाला ९ जीबी, वर्षाला तीन टीबीच्या वर, बॅकअप वेगळा. कॉम्प्रेशननं हा आकडा खाली येतो, पण मुलाखतीत आधी कच्चा हिशोब मांडता यायला हवा.

एवढं जमल्यावर कोर्सवाल्यांना विचारा : एचएल-सेव्हन संदेश (हॉस्पिटलातल्या संगणक यंत्रणा एकमेकींना पेशंटची माहिती कळवतात ते) हाताळायला देता का, वर्कलिस्ट स्वतः लावायला मिळते का? नुसत्या स्लाइड दाखवणार असतील तर पैसे राखून ठेवा.

एक मात्र बजावून सांगा : सरावासाठी हॉस्पिटलातल्या प्रतिमा घरी आणायच्या नाहीत. फाइलमधलं नाव पुसलं तरी सोनोग्राफीत ते बऱ्याचदा चित्रातच उमटलेलं असतं.