पोर्तुगीजांची फौज कुणासाठी होती?

प्रश्न : गोव्यातली पोर्तुगीज फौज 1961 साली दोन दिवसांत शरण आली. शेजारी भारतासारखा देश असताना एवढीशी फौज तिथे ठेवलीच कशाला होती? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : भारताशी लढायला नव्हेच! मी बांद्याचा. आमच्याकडून सायकलवर टांग मारली की गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका. 15 ऑगस्ट 1955 ला त्याच नाक्यावर गोवामुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सत्याग्रही अडवायचे, गोवेकरांना धाकात ठेवायचं आणि लिस्बनचा झेंडा खाली येऊ द्यायचा नाही, एवढंच या फौजेचं काम.

रणगाडे नाहीत, लढाऊ विमानं नाहीत. त्यात 1961 मध्ये आफ्रिकेतल्या त्यांच्याच वसाहतीत, अंगोलात, बंड पेटलेलं; फौज तिकडे हवी होती. डिसेंबरात गोव्यात उरले होते जेमतेम साडेतीन हजार सैनिक. समोर मेजर जनरल कँडेथ यांची 17 वी डिव्हिजन आणि सगतसिंगांची 50 वी पॅरा ब्रिगेड. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हिशोब असा की आठ दिवस तग धरा, तोवर जगभर ओरड करून आम्ही भारताला थांबवू. शरण यायचं नाही, जिंका किंवा मरा. लिस्बनमध्ये बसून असा हुकूम सोडायला काय जातं?

आरमार म्हणाल तर 'अफोन्सो द अल्बुकर्क' हे 1930 च्या दशकातलं एकच मोठं जहाज. ते लढलं मात्र, हे कबूल करायला हवं. 18 डिसेंबरला आपल्या 'बेतवा' आणि 'बियास'ने त्याला गाठलं. कप्तान आरागाव जबर जखमी झाले, तेव्हा खलाशांनी जहाज बांबोळीजवळ किनाऱ्याला घातलं. जमिनीवर पोर्तुगीज पूल उडवत मुरगावकडे मागे सरत होते. त्याने आपल्या सैन्याला थोडा वेळ लागला, इतकंच. 19 ला सकाळी सगतसिंगांचे जवान पणजीत होते आणि त्याच दिवशी रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी वास्कोत शरणागती दिली.

हा गृहस्थ पेशाने लष्करी इंजिनिअर. आठ दिवस सोडा, चार दिवसही निघणार नाहीत हे त्यांना कळत होतं. उगाच माणसं मारायला ते तयार झाले नाहीत. माझ्या मते त्या सगळ्या कारभारात डोकं ठिकाणावर असलेले तेच एक. सालाझारने त्यांना पुढे लष्करातून बडतर्फ केलं. त्यांचा हुद्दा परत मिळाला तो पोर्तुगालमधल्या 1974 च्या क्रांतीनंतर.