वेगळी फायरवॉल घ्यावी का?

नवा लॅपटॉप घेतलास, छान. पण लगेच वेगळ्या फायरवॉलवर, म्हणजे नेटवरच्या ये-जावर पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पैसे घालू नकोस. विंडोजमध्ये ती आधीच आहे. २००३ साली ब्लास्टर वर्मने (नेटवरून आपोआप पसरणाऱ्या व्हायरससारख्या प्रोग्रॅमने) नुसत्या नेटला जोडलेल्या विंडोज एक्सपी मशीन धडाधड पाडल्या होत्या. एक्सपीत तेव्हाही फायरवॉल होती, पण बंद ठेवलेली! २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून ती आपोआप चालू असते.

तिचं काम सोपं आहे: बाहेरून न बोलावता आलेल्याला दारातच अडवायचं. आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र ती सहसा विचारत नाही. वेगळ्या फायरवॉलचा खरा फायदा तिथेच, कुठलं सॉफ्टवेअर गुपचूप कुठे बोलतंय ते ती दाखवते. पण मी अशी एक वापरली होती. दर पाच मिनिटांनी 'परवानगी द्यायची का?' आठवड्याभरात मी न वाचताच 'हो' दाबायला लागलो. एकदा वैतागून 'नाही' दाबलं, तर प्रिंटरच गप्प. अर्धा रविवार केबल तपासण्यात गेला.

तू एवढंच बघ. सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावावर क्लिक कर, तिथे नेटवर्कचा प्रकार निवडता येतो. घरी 'प्रायव्हेट' चालेल, पण हॉटेल, स्टेशन, कॉलेज इथे 'पब्लिक'च ठेव. गेम चालेना म्हणून कुणी 'फायरवॉल बंद कर' म्हणालं तर ऐकू नकोस, फक्त त्या गेमला परवानगी दे. आणि तरीही दुसरी घेतलीसच, तर दोन्ही एकदम चालवू नकोस.