आईला स्वर्गप्राप्तीसाठी मोठी पूजा घालायची आहे. पुरावा काहीच नाही, खर्च करावा का?

स्वर्गासाठी म्हणून करू नका, कर्ज काढून तर मुळीच नाही. स्वर्ग मिळाला की नाही हे सांगायला कुणी परत येत नाही, त्यामुळे हमी देणाऱ्याचं काहीच अडत नाही. गंमत म्हणजे आपली परंपराच स्वर्गाला फारसा भाव देत नाही. गीता (९.२१) सांगते, पुण्य संपलं की तिथून परत मृत्युलोकात. ज्ञानेश्वरी तर स्वर्गाला नेणाऱ्या पुण्याला ‘पुण्यात्मक पाप’च म्हणते! पालखीबरोबर चालणारे वारकरीही ‘न लगे मुक्ती धनसंपदा’ म्हणतात. तुकोबांचं मागणं काय, तर संतसंग. मात्र पूजेनं आईंना समाधान मिळत असेल, तर ओळखीचे गुरुजी बोलावून घरच्या घरी खुशाल करा, दक्षिणा आधी ठरवून.