एमबीबीएससाठी किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला राहायला जाताना काय अपेक्षा ठेवावी? रशियन आली नाही तर चालतं का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण माणसं तिथेच फसतात. नाही चालत. एजंट म्हणतात, 'सगळं इंग्रजीतच आहे.' वर्ग इंग्रजीत असतो, खाटेवरची आजी इंग्रजीत कण्हत नाही. परदेशात डॉक्टरकी शिकणाऱ्यांसाठी आपल्याकडच्या 2021 च्या नियमांत 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि इंग्रजी माध्यम आहे, तसंच त्याच संस्थेत 12 महिने इंटर्नशिपही आहे. ती खाटेपाशीच होते. हे अर्धं वाक्य एजंट गिळतात.

निघण्याआधी पंधरा दिवस काढून निदान लिपी शिका. रशियनची 33 अक्षरं. घात करतात ती ओळखीच्या चेहऱ्याची: इंग्रजी पी दिसतो तो र, एच म्हणजे न, सी म्हणजे स, बी म्हणजे व, वाय म्हणजे उ. पाटीवर 'पेक्टोपाह' वाचलंत तर ते रेस्तोरान आहे. मराठी माणसाला एक सवलत आयतीच मिळते: 'चोर'मधला च आणि 'चार'मधला च ही तिथे दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. हिंदीवाले पहिल्यावर अडखळतात. तिथल्या किरगीझ भाषेसाठी तीन अक्षरं वाढवा, झाली 36. मग रशियनमधलं 'ग्द्ये बालीत?' म्हणजे कुठे दुखतंय. गलावा डोकं, झिवोत पोट, स्पिना पाठ. वयाने मोठ्या बाईला किरगीझमध्ये 'एजे', पुरुषाला 'बाइके' म्हणा. आपलं ताई-दादाच.

आता खोली. पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, भाडं ठरवताना हे ध्यानात ठेवा. हीटिंग शहराच्या औष्णिक केंद्रातून येतं, साधारण नोव्हेंबरात सुरू आणि मार्चअखेरीस बंद. ते कधी चालू करायचं हे तुमच्या हातात नसतं. म्हणून ऑक्टोबरात आत कुडकुडाल आणि जानेवारीत बाहेर उणे दहा-पंधरा असताना घरात बनियनवर बसाल. हवा इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येतं. रेडिएटरवर ओला पंचा टाका. नळाचं गरम पाणीही त्याच केंद्राचं, उन्हाळ्याच्या तोंडावर दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद असतं. घरमालकाला 'गीझर आहे का?' हे पैसे देण्याआधी विचारा.

शहराच्या कडेची घरं कोळसा जाळतात आणि थंडीत धूर खालीच बसतो. एन-95 मास्क लागतो, रुमालाने काही होत नाही. रस्त्याकडेला पाटासारखे उघडे चर आहेत, त्यांना आरिक म्हणतात. बर्फ पडला की काठ दिसत नाही आणि घोटा तिथेच मुरगळतो. गुळगुळीत तळाचे बूट घरीच ठेवा.

तिथलं नेहमीचं पीठ म्हणजे जवळपास मैदा, पोळी लाटली की आखडते. कणीक तासभर झाकून ठेवा, नाहीतर तंदूरमधला नान घ्या. तूरडाळ घरून न्या.

शहर एरवी शांत आहे, हे खरं. पण मे 2024 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला होता आणि भारतीय दूतावासाने मुलांना घरातच थांबायला सांगितलं होतं. दूतावासाचा आपत्कालीन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. थंडीत फोनची बॅटरी झपकन उतरते.